दर्भाचा कावळा

मारोती, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही.

दहाव्याला आम्ही सगळे पवनारला गेलो होतो. धाम नदीला सध्या पाणी कमी आहे. लहानपणी आपण ज्याला हत्ती म्हणायचो तो काळा खडक पार बुडापर्यंत उघडा पडलाय. त्याच्याजवळच भटजींनी पिंड मांडला. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या बाभळीवर चांगले पाच-सात जण मान तिरकी करून आमच्याकडे बघत बसले होते. पण खाली उतरायचं नाव घेईनात.

मग आपल्याकडे होतं तेच सुरू झालं. मेलेल्याची काही इच्छा मागे राहिली असली की कावळा येत नाही, म्हणून एकेकाने पुढे होऊन कबूल करायचं. तुझा मेहुणा आपल्या बहिणीसाठी म्हणाला, "मारोतराव, गिरिजाले आमी अंतर देणार नाई." कावळा हलला नाही. काका म्हणाले, "तुह्या पोरीचं लगन मी करून देतो बाबू, घोर करू नको." तरी नाही. कोणाला वाटलं तुला गोड खावंसं वाटत असेल, म्हणून पुरणपोळीचा तुकडा आणून ठेवला. तुला गोड कधी घशाखाली उतरलं नाही, पण गेलेल्या माणसाच्या आवडीनिवडी मागचे लोक ठरवतात. ऊन डोक्यावर आलं. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "बाई, थो तुह्याजवळच सारं बोले. तूच सांग, काय राह्यलं त्याचं?"

काय राहिलं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण ते कबूल कसं करायचं? नदीकाठी हात जोडून उभं राहायचं आणि म्हणायचं का, की मारोती, सुदान देशात फौजेने मोडलेली लोकसभा मी परत बसवून देते? इद्रिस उस्ताद जिवंत आहे की तुरुंगात आहे ते शोधून काढते? मी सेलूच्या शाळेतली मास्तरीण. मी फार तर नागपूरपर्यंत गेलेली. आणि तुझ्या पुढ्यात उगाच काहीतरी कबूल करायची माझी छाती नव्हती, कारण निवडणुकीच्या दिवसांत गावोगाव वाटली जाणारी आश्वासनं ऐकून तू कसा तोंड वाकडं करायचास ते मी पाहिलेलं आहे. म्हणून मी गप्प उभी राहिले. लोकांना वाटलं, बहीण दुःखाने मुकी झाली. तसंही होतंच म्हणा.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. तुझ्याशी भांडायची सवय काही जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुझं ते वेड सुरू झालं पऱ्हाटीच्या वावरात. देशात पहिल्यांदाच साऱ्यांना मत मिळालं होतं आणि वर्ध्याच्या तहसिलीतल्या तुझ्यासारख्या कारकुनाला केळझर-सेलूकडच्या गावांतल्या मतदारांची नावं लिहायला पाठवलं होतं. एका संध्याकाळी तू माझ्याकडे आलास तो पायातल्या वहाणा न काढताच ओट्यावर बसलास. म्हणालास, "बाई, या बाया नावच सांगत नाईत. नवऱ्याचंई नाई अन् सोताचंई नाई. कोणी म्हणते गणपतची बायको लिहा, कोणी म्हणते शंकऱ्याची माय लिहा. अन् वरून हुकूम आला, जिचं नाव नाई तिले मत नाई."

मी म्हटलं, "बाप्या माणूस कागद घेऊन दारात उभा राह्यला तं कोणती बाई नाव सांगन? कागद आला म्हंजे जप्तीच आली असं वाटते त्यायले."

कापूस वेचणीचे दिवस होते. शाळेला सुट्टी पडली तशी मी भाकरी बांधून तुझ्याबरोबर आले. दुपारच्या जेवणाला बाया चिंचेखाली बसल्या, तेव्हा मी त्यांच्यात जाऊन बसले आणि तुला बांधाच्या पलीकडे, दिसणार नाहीस असा बसवला. मी काही विचारलंच नाही. नुसतं म्हटलं, चला, नाव घ्या बरं एकेकीने, पाहू कोणाला येतं. झालं. लग्नात नाव घ्यायला आढेवेढे घेणाऱ्या बाया, पण कापसाच्या ओझ्याखालून मोकळ्या झाल्या होत्या, पोटात भाकरी गेली होती. पहिलीच उठली आणि म्हणाली, "कापसाच्या गाठोड्याले गाठ मारली घट्ट, गणपतरावाचं नाव घेते, सोडा आता हट्ट." मग काय विचारतोस. एकीपेक्षा एक चढत गेली. आणि प्रत्येकीचं घेऊन झालं की ती हसत असतानाच मी विचारायचे, "अन् तुहं वं?" हसण्याच्या भरात ती सांगून जायची. बांधापलीकडून तुझा आवाज यायचा, "जरा सावकाश घ्या वं माय, माही शाई वाळून राह्यली." बाया आणखी हसायच्या. सरकारी काम इतकं हसत झालेलं मी त्यानंतर पाहिलं नाही.

जरा दूर बाभळीखाली वेगळ्या बसलेल्या बायांकडे मात्र तू स्वतः गेलास, मला म्हणालास, तू पण चल. त्यांच्यात एक म्हातारी होती. नवरा जाऊन युगं लोटलेली. तिला स्वतःचं नाव विचारलं तर हातातली भाकरी तशीच धरून बसली. म्हणाली, "मले कोणी नावानं हाकच मारत नाई बाई. माय होती तवा मारे." मग बराच वेळ आठवत राहिली. आम्ही दोघं तिच्यापुढे थांबून राहिलो. शेवटी तिने लाजत सांगितलं, भागीरथी. तू ते लिहिलंस आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलंस. तिने कागदाकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि म्हणाली, "मीच होय का थे?"

घरी परतताना मी तुला गमतीने म्हटलं, माझं काय लिहिणार, कैलासवासी अमक्याची विधवा? तू म्हणालास, तुझं पहिल्या दिवशीच लिहिलं, नुसतं सगुणा, गावात सर्वांत आधी. नवरा गेल्यावर मला माझ्या एकटीच्या नावाने कुठे लिहिलं गेलं असेल तर ते तिथे. हे तुला सांगायचं राहून गेलं.

आणि केळझरचं ते मतदान. तू केंद्राचा अधिकारी, मी बायांच्या रांगेवर. दुपारी गावची जमीन ज्यांची त्या मालगुजार भावांतला धाकटा आला, पांढरेशुभ्र कपडे, मागे दोन माणसं. स्वतःचं मत टाकून झालं आणि पुन्हा टेबलापाशी उभा राहिला. थोरला भाऊ नागपूरला दवाखान्यात आहे, त्याचंही मीच टाकतो, म्हणाला. तू नाही म्हणालास. त्याला राग नाही आला, खरंच नवल वाटलं. "अरे, भाऊ माझाच. एका ताटात जेवतो आमी. मत घरचंच होय." आपल्या लोकांना हे समजतच नव्हतं तेव्हा. जमीन घराची, विहीर घराची, तसं मतही घराचं, कोणीही जाऊन टाकावं. तू उठून उभा राहिलास आणि हात जोडून म्हणालास, "भाऊ तुमचा असन मालक, मत तुमचं नाई." त्याचा चेहरा उतरला, पण गेला. तू खाली बसलास आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलंस. त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला तेवढा तुझ्या मॅट्रिकच्या निकालालाही वाटला नव्हता. हेही सांगितलं नाही. आपल्या घरात कौतुक करायची रीतच नव्हती, केलं की दृष्ट लागते म्हणायचे.

पुढे सुदानहून बोलावणं आलं. तिथे पहिली निवडणूक व्हायची होती. देशावर अजून इंग्रजांचा आणि मिसरवाल्यांचा, म्हणजे इजिप्तचा, असा दोघांचा झेंडा, आणि दोघांवरही तिथल्या लोकांचा विश्वास नाही. म्हणून ती निवडणूक नीट व्हावी यासाठी हिंदुस्थानातला मोठा साहेब मागितला. साहेबाबरोबर जी चार-दोन हाताखालची माणसं गेली त्यांत नागपुराहून तुझं नाव गेलं. नकाशावर तो देश शोधायला तू माझ्या शाळेत आलास. बोट ठेवलंस आणि म्हणालास, "बाई, इथंई पऱ्हाटीच आहे म्हणते."

तू तिकडून परत आलास तेव्हा काळवंडून आला होतास आणि तुझ्या खिशात कापूस होता. दोन नद्यांच्या मधला मुलूख, कालव्याचं पाणी, आणि त्यातला तो लांब धाग्याचा कापूस. जिनिंगच्या लोकांना तू तो ओढून ओढून दाखवायचास आणि उरलेला मला ठेवायला दिलास. तहसिलीत तुला सुदानसाहेब म्हणून चिडवायला लागले आणि तुला ते आवडायचं, उगाच नाही म्हणू नकोस.

सांगायचास मात्र एकाच माणसाबद्दल. इद्रिस उस्ताद. शाळामास्तर, उंच, गालांवर लहानपणी चिरून घातलेल्या खुणा. गावोगाव तू मतदान कसं करायचं ते समजावायचास आणि तो ते लोकांना त्यांच्या बोलीत सांगायचा. तुझं मोडकं इंग्रजी, त्याचं जरा बरं. एका गावात खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं होतं, "आज हा परदेशी सांगतो की कोणालाही मत द्या, कोणी काही करणार नाही. पण उद्या शिपाई दारात आला तर हा असेल का?" इद्रिसने ते तुला सांगितलं. तू म्हणालास, सांग त्याला, हो म्हणावं. इद्रिसने तुला विचारलं, अगदी तसंच सांगू का? तू म्हणालास, तसंच सांग. आणि त्याने सांगितलं.

ही गोष्ट तू पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा ऐटीत सांगितली होतीस.

मी भाकरी वाढत होते. मी विचारलं, "अन् बाया?"

तू तुकडा मोडत म्हणालास, "बायायले मत नाई तिथं. शिकलेल्या असन अशा चार-दोघी सोडल्या तं नाई."

"तू काई बोलला नाई?"

"पाहुणा होतो बाई मी."

"पाहुणा होता तं जेवून यायचं. न्याय कराले काऊन गेलता?"

तू चिडलास. म्हणालास, दुसऱ्याच्या देशात कोणाला मत द्यायचं ते आपण ठरवायचं नसतं, तिथल्या लोकांनी ठरवायचं. मी म्हटलं, "लोकायनं म्हंजे बाप्यायनंच ना?" तू ताट सरकवलंस. त्या दिवसापासून पाच वर्षं आपण हेच भांडण भांडलो. दिवाळीला भांडलो, गिरिजाच्या डोहाळजेवणाला भांडलो, बसच्या दारात उभं राहून भांडलो, कंडक्टरने घंटी मारली तरी. तू म्हणायचास, अर्धं तरी आलं ना, अर्ध्यावरून पुढे जाता येतं. मी म्हणायचे, ज्यांना अर्धं मिळतं ते उरलेल्यांची वाट बघत थांबत नाहीत. यात कोण बरोबर ते अजून ठरलेलं नाही. आता तू मधेच उठून गेलास, हे काही बरं केलं नाहीस.

पण त्याच दिवशी, ताट सरकवून झाल्यावर, हात धुऊन तू परत येऊन बसलास आणि हळूच म्हणालास, "एक गोष्ट केली मी. इद्रिसले आपल्या चिंचेखालची गोष्ट सांगतली. बाया नाव घेऊन नाव सांगते थे." इद्रिस खूप हसला म्हणे. म्हणाला, आमच्याकडेही बायकोचं नाव परक्या माणसापुढे उच्चारत नाहीत. तू निघालास तेव्हा तो ठेशनावर पोचवायला आला. गाडी हलायच्या आधी त्याने तुझ्या कानाशी वाकून त्यांच्या बोलीत दोन ओळी म्हटल्या, यमक जुळवून, आणि त्यात त्याने आपल्या बायकोचं नाव घेतलं. वर म्हणाला, एक दिवस हे नाव मी यादीत घालीन. तू मला ते नाव सांगितलंस आणि बजावलंस, "कोणाले सांगू नको. त्यानं भरवशानं सांगतलं." मी कोणाला सांगितलं नाही. पण मनातल्या मनात मी त्या बाईला ओळखायला लागले. भाकरी थापताना कधी वाटायचं, ही आता तिकडे काय करत असेल.

पुढे तो देश मोकळा झाला. दुसऱ्या निवडणुकीला इद्रिस स्वतः उभा राहिला आणि निवडून आला, हे त्याने तुला कळवलं तेव्हा तू सेलूपर्यंत पेढे घेऊन आलास, स्वतः एकही न खाता. म्हणालास, "पाय आता. थो लोकसभेत बसला. आता बायायचं काढन थो." मी म्हटलं, काढेल तेव्हा बघू. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण मलाही वाटलं होतं की काढेल.

आणि मग या हिवाळ्याच्या तोंडावर तू कामाच्या दिवशी, ऑफिस सोडून, बसने आलास. मी शाळेतून आले तर तू ओट्यावर. म्हणालास, "बाई, सुदानात फौजेनं राज घेतलं. लोकसभा मोडली. सारे पक्ष बंद."

"अन् इद्रिस?"

"काय मालूम."

मी चहा ठेवला. दुसरं काय करणार होते? तू कपाकडे बघत म्हणालास, "थ्या बुढ्याले मी हो म्हणलं होतं वं. शिपाई आला तं मी असन म्हणलं होतं." मी म्हटलं, अरे, ती बोलायची रीत असते, त्यालाही कळलं असेल. तू मान हलवलीस. म्हणालास, "इद्रिसनं दोनदा विचारलं होतं मले, तसंच सांगू का म्हणून."

त्यानंतरचे तुझे दिवस मी पाहिले, मारोती, आणि मला तुझी भीती वाटायला लागली. सेलूच्या जिनिंगमधल्या ओळखीच्या मुनीमजींकडे रेडिओ आहे म्हणून तू संध्याकाळच्या बातम्यांना वर्ध्याहून यायचास. त्यांच्या पडवीत मांडी घालून बसायचास, आणि बातम्या संपल्या की पिकांचे भावही ऐकून उठायचास, जणू त्यात कुठे सुदान येईल. वर्ध्याच्या मोठ्या साहेबाकडे गेलास. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "मारोतराव, ते त्यांच्या घरचं प्रकरण आहे." तू मला सांगत होतास, "घरचं म्हणे. केळझरले थो मालगुजारबी हेच म्हणे, मत घरचंच होय." मग एका पुढाऱ्याला गाठलंस. त्याने सांगितलं की दुसऱ्याच्या देशात डोकवायचं नाही असं आपलं धोरण आहे, आणि ते चांगलंच आहे. तू त्याला म्हणालास, "त्यायनं बोलावलं तवा गेलतो ना आपण? आता त्यायले बोलावताच येत नाई, म्हणून जायचं नाई का?" तो हसला आणि तुझ्या पाठीवर हात ठेवून त्याने तुला दारापर्यंत आणून सोडलं.

शेवटी तू तारघरात गेलास. इद्रिसला एवढंच लिहायचं होतं, कसा आहेस. बाबूने शब्द मोजायला घेतले आणि तुझ्या मनात आलं, ही तार आधी कोणाच्या टेबलावर जाईल? परदेशातून, त्यातून निवडणुकीवाल्या माणसाकडून. उलट ती त्याच्याच गळ्यातला फास आवळायची. तू कागद परत घेतलास आणि फाडलास. त्या दिवशी हे सगळं तू ओट्यावर बसून मला सांगितलंस. तुला काही करता येत नव्हतं हे एक, आणि काही केलं तर त्याचंच वाईट होणार होतं हे दुसरं. यातून तुला कसं बाहेर काढायचं ते मला सुचलं नाही. मला अजूनही सुचत नाही. मी तुला आपल्या भांडणात ओढून पाहिलं. म्हटलं, "पाय, आता बाप्यायलेई नाई अन् बायायलेई नाई." मला वाटलं तू चिडशील, ताट सरकवशील, जरा जिवंत होशील. तू नुसतं "हो वं" म्हणालास. पाच वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशी भांडला नाहीस.

मग त्या सकाळी दात घासता घासता तुझ्या छातीत कळ आली आणि गिरिजा पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय. म्हणो बापडा. तुझ्या जागेवर दहा दिवस दिवा ठेवायचा होता, तर घरात वातीला कापूस सापडेना. कापसाच्या मुलखातली माणसं आपण. मी माझ्या पेटीतून तुझा तो सुदानचा कापूस काढला आणि त्याच्या वाती वळल्या. लांब धागा, छान वळला जातो. गिरिजाला सांगितलं नाही कुठला ते.

आता पुन्हा नदीवर येते. कावळा येईना, लोक कंटाळले, गिरिजाच्या मांडीवर पोर भुकेने रडायला लागलं. तेव्हा भटजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, दुमडल्या, गाठ मारली आणि त्यांचा कावळा केला. शास्त्रात तशी सोय आहे म्हणाले. तो गवताचा कावळा पिंडाला शिवला, भटजी म्हणाले, झालं, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकून वहाणा शोधायला सुरुवात केली.

मी तिथेच उभी होते आणि मला केळझरचं टेबल दिसत होतं. ज्या माणसाने मालगुजाराच्या तोंडावर दुसऱ्याच्या नावावरचं मत नाकारलं, त्याच्या नावावर एक गवताचा कावळा येऊन मत टाकून गेला आणि कोणी हरकत घेतली नाही. तू असतास तर हात जोडून उठला असतास. मी नाही उठले. पोर रडत होतं, आणि हरकत घेऊन मी मागणार काय होते? खरा कावळा यावा असं कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण तुला म्हणून सांगते, गवताच्या कावळ्याचं ते शिवणं मी धरलेलं नाही. तुझं राहिलेलं अजून राहिलेलंच आहे.

संध्याकाळी वर्ध्याच्या घरी भागाबाई आली. तीच, बाभळीखालची भागीरथी. आता अगदी वाकली आहे, नातवाचा हात धरून आली. दारातच बसली आणि म्हणाली, "माहं नाव लिवणारा गेला." मग मी तिला कावळ्याचं सांगितलं, कोणाला तरी सांगायचंच होतं. ती म्हणाली, "आमी थे कावळ्याचं सोडलं बाई, दीक्षा घेतली तवापासून."

मी विचारलं, "मंग मेल्या माणसाचं राह्यलेलं कोण पाह्यते तुमच्यात?"

"जे जित्ते हायेत थे. दुसरं कोण?"

तिने विचारलं म्हणून मी सगळं सांगितलं, तो देश, तिथली पऱ्हाटी, इद्रिस, फौज. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने मधे काही विचारलं नाही. सगळं संपल्यावर एवढंच विचारलं, "त्याच्या बायकोचं नाव काय?"

मारोती, तू कोणाला सांगू नको म्हणाला होतास. पण विचारणारी कोण होती ते बघ. मी सांगितलं, आमना. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, तोंडात बसेपर्यंत.

तेव्हापासून मी संध्याकाळी मुनीमजींच्या पडवीत तुझ्या जागेवर बसते. सुदानचं नाव येत नाही. मुनीमजी खुंटी पिळून रेडिओ बंद करतात आणि माझ्याकडे न बघता आत जातात. आणि त्यानंतर सेलूला दोन बाजार झाले. दोन्ही बाजारांना भागाबाई मिरच्यांच्या ढिगांमधून वाट काढत, काठी टेकत माझ्यापर्यंत आली आणि तिने विचारलं, "आमनाचं काई समजलं का वं बाई?"

मी म्हटलं, "नाई."

"बरं," ती म्हणाली, "पुढच्या बाजारी इचारीन."